पाव मापाचे विमान



इंदिरानगरातील घरांच्या पत्त्यांत आजही 'एचएएल दुसरा टप्पा' असे शब्द येतात. पोस्टमनला त्यांचा उपयोग होतो, इतर कोणी ते वाचीत नाही. परंतु ही वसाहत कशाच्या शेजारी वाढली, हे त्या शब्दांतच सांगितलेले आहे. येथून थोड्याच अंतरावर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आणि त्याची धावपट्टी आहे. मे २००८ मध्ये देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला आणि नियमित प्रवासी विमाने तिकडे गेली. कारखान्याची व वायुसेनेची विमाने मात्र या धावपट्टीवरून अद्याप उडतात. अशा जागी राहणाऱ्या काही मंडळींना विमाने बांधण्याचा छंद जडला असल्यास त्यात नवल नाही. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. जे विमान येथे घरात बसून बांधावयाचे, ते येथे उडविता मात्र येत नाही. धावपट्टी इतकी जवळ आहे म्हणूनच येत नाही. इंदिरानगरात जुळविलेली प्रतिकृती सुटे पंख मोटारीत घालून शहराबाहेर न्यावी लागते.

लाकडी संचापासून मोठ्या मापाचे बिनतारी नियंत्रणाचे विमान कसे बांधतात, या विषयावरील एका पुस्तकाचे मराठी भाषांतर गेले वर्षभर मी करीत होते. मराठी साहित्याची पदव्युत्तर परीक्षा या कामी फारशी उपयोगी पडत नाही. त्यातील निम्मे शब्द मला याच वसाहतीतील एका गच्चीवरच्या खोलीत मिळाले. खोलीचे धनी विमान-कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे बेळगावचे. त्यांच्या मराठीत कानडीचा हेल आहे आणि हत्यारांची नावे त्यांना मराठीतच आठवतात: रंधा, पटाशी, कानस, गिरमिट, गुण्या, ओळंबा. टेबलावर त्यांनी पायपर कब या जुन्या अमेरिकन विमानाची चतुर्थांश प्रतिकृती मांडलेली होती. पुढे जे सांगणार आहे ते त्या टेबलाशी उभे राहून समजलेले आहे.

प्रथम 'मोठे' या शब्दाचा अर्थ पाहू. मूळ कब विमानाच्या पंखांचा पल्ला १०.७ मीटरांहून किंचित अधिक. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे सुमारे २.७ मीटर, दिवाणखान्याच्या एका भिंतीएवढा. लांबी चौपटीने कमी झाली म्हणून वजनही चौपटीने कमी होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वजन आकारमानाच्या मागे जाते आणि आकारमान लांबीच्या घनाने बदलते. चारचा घन चौसष्ट. भरलेल्या कबचे वजन सुमारे ५५३ किलो, त्याचा चौसष्टावा भाग साडेआठ किलोंच्या थोडा वर येतो. पंखाचे क्षेत्रफळ मात्र वर्गाने, म्हणजे सोळापटीनेच घटते. परिणामी मूळ विमानाच्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३३ किलोंचा भार असतो, तर प्रतिकृतीच्या पंखावर अवघा आठ किलोंचा. या हिशेबाने उडण्यास लागणारा वेग निम्मा होतो. लहान विमान बांधणाऱ्यावर निसर्गाने केलेली ही मोठीच कृपा होय.

पण ही कृपा हवेत असेतोवरच. साडेआठ किलोंची वस्तू ताशी ६० किलोमीटर वेगाने एखाद्या गोष्टीवर आदळली, तर तिचा आघात तीच वस्तू सुमारे १४ मीटर उंचीवरून टाकल्याइतका असतो. त्यातच पुढे अर्ध्या मीटरचा पंखा मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरत असतो. हे लक्षात घेतले, म्हणजे अशा वस्तूस खेळणे का म्हणू नये हे समजते. मराठीत आपण 'खेळण्यातले विमान' असा शब्दप्रयोग सहज करतो. मी भाषांतरात तो एकदाही वापरलेला नाही.

येथे आणखी एका विमानाचा हिशेब करून पाहावासा वाटतो, कारण ते याच गावचे आणि एका मराठी माणसाने आखलेले आहे. डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा जन्म १९०८ सालचा, कोल्हापूरकडचा. गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली, तिच्यात घाटगे आले. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग उभा राहिला, त्याची उभारणीही त्यांच्याकडेच होती. त्यांनी आखलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. त्याच्या पंखांचा पल्ला आणि कबचा पल्ला यांत जेमतेम एका इंचाचा फरक. भरलेले वजन मात्र सुमारे १,०१६ किलो. चौसष्टाने भागल्यास जवळजवळ १६ किलो येतात. पल्ला तोच, वजन दुप्पटीच्या घरात! एक विमान कापडाने मढविलेले, दुसरे धातूचे व अधिक शक्तीचे. हे अंतर प्रतिकृतीतही पाठ सोडीत नाही. प्रत्यक्षात एचटी-२ची लाकडी प्रतिकृती १६ किलोंहून बरीच हलकी करता येईल, परंतु तिचा तयार संच अद्याप माझ्या पाहण्यात आलेला नाही. ज्याला ती हवी असेल त्याने आराखड्यापासून आरंभ करावयास हवा. कोल्हापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने ते मनावर घ्यावे.

घाटग्यांच्या धातूच्या विमानानंतर याच धावपट्टीने लाकडाचे एक विमान पाहिले आहे. आपल्या आजच्या विषयाला त्याहून योग्य उदाहरण शोधून सापडणार नाही. १९५६ मध्ये जर्मन अभियंते कुर्ट टांक बंगलोरास आले आणि मारुत या जेट लढाऊ विमानाची आखणी सुरू झाली. विमान नवे आणि कारखान्यास त्या जातीच्या कामाचा अनुभव नाही. तेव्हा धातूला हात लावण्यापूर्वी मारुतच्याच मापाचे, त्याच आकाराचे एक बिनइंजिनाचे लाकडी विमान बांधण्यात आले. एक्स-२४१ हे त्याचे नाव. डाकोटा विमानाच्या मागे दोर बांधून ते वर न्यावयाचे आणि उंचीवर सोडून द्यावयाचे. १९५९ पासून त्याची अशी ७८ उड्डाणे झाली. ज्या विमानाचे इंजिन अद्याप बसविलेले नाही, ते उतरताना कसे वागेल, त्याचे सुकाणू हाताला जड लागेल की हलके, हे या लाकडाने आधी सांगून टाकले. १७ जून १९६१ रोजी खऱ्या मारुतचे पहिले उड्डाण झाले. ते वैमानिक सुरंजन दास यांनी केले. जानेवारी १९७० मध्ये मारुतच्याच चाचणीत त्यांचा मृत्यू झाला. इंदिरानगरच्या पूर्वेस जुन्या मद्रास रस्त्याला मिळणारा जो वर्दळीचा रस्ता आहे, त्याला त्यांचे नाव आहे. रोज त्यावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते कोण हे ठाऊक असेल?

एक्स-२४१ ही पूर्ण मापाची प्रतिकृती होती. आपली पाव मापाची आहे. दोहोंचे कार्य मात्र एकच: कागदावर जे लिहिले ते हवेत खरे ठरते काय, हे पाहणे. या संदर्भात थोडे विषयांतर करते. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविल्याची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. तिच्या आधारासाठी ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा दाखला देतात, तो विसाव्या शतकाच्या आरंभी याच बंगलोरच्या परिसरात, आनेकलच्या सुब्बराय शास्त्री यांनी सांगितला. १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी त्यातील विमानांचा हिशेब मांडला आणि ती उडू शकणार नाहीत असे दाखवून दिले. तळपद्यांच्या उद्योगशीलतेविषयी मला आदरच आहे. तथापि कागदावरच्या विमानाला वजन नसते. फ्रान्समध्ये आल्फोन्स पेनो याने १८७१ साली रबराच्या पिळावर चालणारी हातभर प्रतिकृती लोकांसमक्ष उडवून दाखविली, आणि तसल्याच खेळण्यावरून राइट बंधूंना बालपणी या विषयाची गोडी लागली. हातभर असो की पूर्ण मापाचे, लोकांसमोर उडाले की त्यापुढे वाद राहत नाही.

आता संचाकडे वळू. पेटी उघडली की आत कातलेल्या बरगड्या, धडाच्या चौकटी, लांबच लांब पट्ट्या आणि खऱ्या मापाचा आराखडा निघतो. हलक्या भागांसाठी बाल्सा, जोराच्या भागांसाठी स्प्रूस आणि प्लायवुड. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतील झाड, विशेषतः इक्वेडोरचे. फार झपाट्याने वाढते, म्हणून त्याचे लाकूड पोकळ पेशींनी भरलेले. त्याचा घनमीटर १०० किलोंपासून २०० किलोंपर्यंत भरतो, त्यापलीकडचेही तुकडे मिळतात. सागाचा घनमीटर साडेसहाशे किलोंच्या आसपास असतो. एकाच पेटीतील दोन सारख्या दिसणाऱ्या फळ्यांत एक दुसरीच्या दुप्पट जड असू शकते. त्यामुळे जाणता माणूस सरसाची बाटली उघडण्यापूर्वी तराजू काढतो. प्रत्येक फळीवर पेन्सिलीने वजन लिहितो. जड व कणखर फळी पंखाच्या मुळाशी आणि नाकाकडे, हलकी व मऊ शेपटीकडे. संच पुरविणारा ही निवड आपल्यासाठी करीत नाही.

शेपटीच्या हलकेपणाचा हा आग्रह का, ते सांगितले पाहिजे. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आत यावा लागतो. तो मागे सरकला तर विमान हाताच्या बाहेर जाते. कबसारख्या विमानाचे नाक आखूड आणि शेपूट लांब. शेपूट गुरुत्वमध्यापासून सव्वा मीटरवर व नाक सुमारे ४० सेंटिमीटरवर असेल, तर शेपटीत वाढलेल्या दहा ग्रॅमांना तोलण्यासाठी नाकात तीस ग्रॅम शिसे घालावे लागते. सरसाचा एक जाड थर, रंगाचा एक अनावश्यक हात, थोडे मोठे स्क्रू, असे करीत शेपटीत शंभर ग्रॅम कोठून आले हे कळत नाही. विमान मात्र चारशे ग्रॅमांनी जड झालेले असते. बेळगावकर गृहस्थ मला म्हणाले होते, "बाई, शेपटीत उधारी केली की नाकाला व्याजासकट फेडावी लागते."

सर्वांत अधिक वेळ पंखाला लागतो आणि लागावा. पंखाचा कणा म्हणजे त्याची तुळई. एक पट्टी वरच्या अंगाला, एक खालच्या अंगाला, पल्ल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. उड्डाणात पंखाचे टोक वर उचलले जाते, तेव्हा वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. या दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकू नयेत म्हणून प्रत्येक दोन बरगड्यांच्या मध्ये बाल्साचा एक पातळ पडदा चिकटवितात. लोखंडी गर्डरच्या मधल्या उभ्या पत्र्याचे जे काम, तेच याचे. आराखड्यावर या पडद्याशेजारी एक छोटी सूचना असते: त्याचा 'ग्रेन' उभा असावा.

या 'ग्रेन' शब्दापाशी मी बराच काळ थांबले. कोशात पाहावे तर धान्य, दाणा, कण, रवा. त्यातला कोणताही शब्द घातला तरी व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते. परंतु ते वाचून कोणी पडदा आडवा चिकटविला, तर पहिल्याच जोराच्या वळणात लाकूड आपल्या तंतूंच्या दिशेने चिरत जाईल, दोन्ही पट्ट्या सुट्या होतील आणि पंख मुळाशी मोडेल. बाल्सा तंतूंच्या दिशेने जितका बळकट, तितका त्यांच्या आडव्या दिशेने नसतो, सरपण फोडताना आपण याच गोष्टीचा लाभ घेतो. अखेर मी लिहिले: 'पडद्यातील लाकडाचे तंतू आराखड्यावर उभे, म्हणजे वरच्या पट्टीकडून खालच्या पट्टीकडे जाणारे असावेत.' मूळ तीन शब्दांची ही एवढी लांबी काही जाणकारांना खटकली. मला ती योग्य वाटते. ललित वाङ्मयाच्या भाषांतरात एखादी छटा हरवली तर वाचकाचा आनंद थोडा कमी होतो. येथे साडेआठ किलो खाली येतात.

सांध्यांचेही असेच आहे. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिशांचे मॉस्किटो हे विमान लाकडाचे होते. बाल्साच्या गाभ्याला दोन्हीकडून बर्चचे प्लायवुड चिकटवून त्याचे धड केलेले असे. युरोपात त्याने मोठे नाव मिळविले. भारतात व ब्रह्मदेशात मात्र त्यांचे पंख तुटण्याचे प्रकार घडले आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये येथील मॉस्किटोंची उड्डाणे थांबवावी लागली. चिकटविण्यातील सदोष काम आणि आपल्याकडील उष्ण, दमट हवा यांकडे तपासाचा रोख होता. आजचे इपॉक्सी व इतर सरस ओलीला पुष्कळ अधिक दाद देणारे आहेत असे समजू नये, ते बरेच टिकाऊ आहेत. पण दोन पृष्ठभाग एकमेकांना नीट भिडलेलेच नसतील, तर कोणताही सरस ती फट भरून काढू शकत नाही. तो केवळ वजन वाढवितो. खाच घट्ट नको, सैलही नको. बरगडी हाताने बसावी, ठोकून नव्हे.

आणि सरळपणा. आराखडा सपाट फळीवर पसरून, त्यावर मेणकागद घालून, टाचण्यांनी भाग जागच्या जागी रोवून पंख उभारतात. पावसाळ्यात कागद फुगतो. त्यामुळे दोन्ही पंखांची मापे कागदावरून न घेता पट्टीवरून ताडून पाहावी लागतात. पंखाच्या पुढच्या भागावर वरून व खालून पातळ बाल्साची साल चिकटविली की तो भाग एखाद्या नळीसारखा होतो आणि पंख पिळला जात नाही. याचा उलटा अर्थ असा की साल चिकटविताना पंखात जो पीळ असेल, तो कायमचा राहील. काही पीळ हेतुपूर्वक ठेवतात. टोकाकडील मागची कड काही मिलिमीटर वर उचललेली असते. त्यामुळे वेग कमी झाला असता पंखाच्या मुळाची उचल आधी संपते, टोकाची नंतर, आणि विमान एका अंगावर न कोसळता नाक किंचित खाली घालते. हा पीळ दोन्ही पंखांत सारखा हवा. एका बाजूस चार मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूस शून्य असे झाले, तर ते विमान सरळ उडताना आपला दोष लपवील. उतरण्याच्या बेतात वेग घटला, म्हणजे तो उघड करील. तेव्हा जमीन जवळ असते.

वर चढविण्याचे कापड पूर्वी रेशमी असे आणि त्याला डोप नावाचे वार्निश देत. आज इस्त्रीने आक्रसणारे पॉलिएस्टर मिळते. ते ताणले जाताना चांगल्या पंखालाही पिळू शकते, म्हणून खालची व वरची बाजू आळीपाळीने तापवावी. याहून अधिक त्याविषयी सांगण्यासारखे नाही.

बिनतारी यंत्रणेविषयीही थोडक्यातच सांगते, कारण ती विकत मिळते. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये रेडिओने चालणारी प्रतिकृती उडविली, तेव्हा त्यांना ग्राहकयंत्रही स्वतःच बांधावे लागले होते. आज बोटभर ग्राहकयंत्र आणि प्रत्येक सुकाणूला एक, अशा विजेच्या लहान मोटारी पुरतात. लक्ष द्यावयाचे ते मोटार आणि सुकाणू यांच्यामधील तारेकडे व बिजागरीकडे. त्यांत ढिलाई राहिली, तर एका विशिष्ट वेगानंतर सुकाणू झेंड्यासारखे फडफडू लागते आणि काही क्षणांत स्वतःसह शेपूट फाडून काढते. संदेश तुटल्यास इंजिन आपोआप मंदावेल, अशी मांडणी आधीच करून ठेवणे हे बांधणाऱ्याचे कर्तव्य होय.

कायद्याचेही येथे काही म्हणणे आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत अशा प्रतिकृतींची स्वतंत्र व्याख्या केलेली आहे: उड्डाणसमयीचे वजन २५ किलोंच्या आत, उपयोग शिक्षण, संशोधन, आखणी, चाचणी किंवा मनोरंजन एवढ्यापुरताच, आणि विमान चालविणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात. विमानतळांभोवतीचे आकाश परवानगीवाचून बंद आहे, आणि इंदिरानगर त्यात मोडते. म्हणूनच ती मोटारीची फेरी.

बंगलोरच्या हवेचा एक विशेष शेवटी सांगावयाचा राहिला. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. प्रमाण वातावरण धरले, तरी येथील हवा समुद्रकाठच्या हवेहून सुमारे आठ टक्के विरळ, दुपारच्या उन्हात त्याहून अधिक. इंजिनाला तितका कमी प्राणवायू, पंख्याला तितकी कमी पकड आणि पंखाला त्याच उचलीसाठी थोडा अधिक वेग. मुंबईत जी प्रतिकृती तीस पावलांत उचलली जाईल, तिला येथे काही पावले अधिक धावावे लागेल. म्हणून येथील मंडळी पहिले उड्डाण पहाटे ठेवतात. हवा गार, वारा पडलेला.

मैदानावर पोहोचल्यावर पंख बसवितात, पंखांच्या आधारदांड्यांच्या खिळी पुन्हा एकदा ओढून पाहतात. कबमध्ये या दांड्या शोभेच्या नसतात, पंखाचा भार त्या खरोखर वाहतात. गुरुत्वमध्य दोन बोटांवर तोलून पाहतात. प्रक्षेपकाची शक्ती कमी करून एक जण दूर चालत जातो, दुसरा विमान धरून उभा राहतो, आणि प्रत्येक सुकाणू हलते की नाही हे ओरडून सांगतो. मग इंजिन चालू करून हेच सर्व पुन्हा, कारण थरथरीने सैल होणाऱ्या गोष्टी शांततेत सापडत नाहीत. डावा एलेरॉन, उजवा एलेरॉन, एलिव्हेटर, सुकाणू. उजवीकडे म्हटले म्हणजे खरोखर उजवीकडेच वळते ना, हेही पाहावयाचे. उलट जोडलेल्या तारा जमिनीवर निमूट असतात. पाहणारे सगळे पंख्याच्या रेषेतून बाजूला होऊन चालविणाऱ्याच्या मागे जातात, आणि मगच तो विमान वाऱ्याकडे तोंड करून उभे करतो.